काकू, चॉकलेट चालेल का?

मागच्या अंकात मधुमेहींच्या नाश्त्याबद्दल लिहिताना शेवटी सहज म्हटलं होतं, की आमच्या घरी वाढदिवसाला बटरफ्रूटचं, म्हणजे ॲव्होकाडोचं, चॉकलेट मूस (चमच्याने खायचं मऊ, दाट गोड) होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत. आंबट ताकाबद्दल विचारणाऱ्यांनी कृपया पुढच्या अंकाची वाट पाहावी.

प्रश्न : अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. रोज दोन गोळ्या चालू आहेत. पुढच्या महिन्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतील. चॉकलेट त्यांना जिवापाड आवडतं. घरात केक कापला की सगळे खातात आणि अण्णा पेपर उघडून बसतात. मला ते बघवत नाही. ॲव्होकाडोचं मूस चवीला खरंच चांगलं लागतं का? फळाचा वास येत नाही का? आणि मुख्य म्हणजे अण्णांना चालेल का? — एक लेक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला आमच्याकडची २०११ची दिवाळी आठवली. यांना मधुमेह असल्याचं त्या वर्षी गणपतीनंतर कळलं. दिवाळीत फराळाचं ताट फिरायला लागलं की हे उठून गॅलरीत जायचे, झाडांना पाणी घालायला. भर संध्याकाळी, दोनदा पाणी घातलेल्या कुंड्यांना तिसऱ्यांदा. तेव्हाच मी ठरवलं, की या माणसासाठी एक तरी गोड असं करायचं, जे सगळ्यांनी एकाच ताटातून खायचं. त्याच्यासाठी वेगळी वाटी, वेगळा डबा असलं काही नको.

बटरफ्रूटची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. १९९४ ते ९७ आम्ही मडिकेरीला होतो, यांच्या बँकेच्या बदलीमुळे. कोडगूत कॉफीच्या मळ्यांमध्ये या फळाची झाडं असतात. कानडीत त्याला ‘बेण्णे हण्णु’ म्हणतात, लोण्याचं फळ. पावसाळा सुरू झाला की शेजारच्या आजी पदरात चार-पाच फळं घेऊन यायच्या, फळ मधोमध कापून बी काढायच्या आणि त्या खळग्यात साखर टाकून चमचा हातात द्यायच्या. पहिल्या वर्षी मला ते मुळीच आवडलं नाही. ना गोड, ना आंबट, नुसतं मऊ. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र मी स्वतः जाऊन मागून आणत होते. त्या मऊपणाची जिभेला सवय झाली की सोडवत नाही.

त्या मऊपणाचाच इथे उपयोग आहे. नेहमीच्या मूसला अंगचा दाटपणा येतो तो साय, अंडी आणि साखर यांच्यामुळे. बटरफ्रूटच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश असतो. कर्बोदकं साडेआठ ग्रॅम, पण त्यातले जवळजवळ पावणेसात ग्रॅम नुसते तंतू. म्हणजे रक्तात साखर म्हणून उतरेल असं दोन ग्रॅमच्या आतच. तेवढ्याच केळ्यात कर्बोदकं २३ ग्रॅम भरतात. आणि वासाचं म्हणाल तर पुरेसा कोको, चिमूटभर मीठ आणि जरा कॉफी असली की वास राहत नाही. आमच्या नातवाला अजून माहीत नाही त्यात काय असतं.

आता कृती. चार वाट्यांसाठी पिकलेल्या बटरफ्रूटचा २०० ग्रॅम गर लागेल. काळपट, खरबरीत सालीचं हास जातीचं फळ असेल तर दीड ते दोन, दक्षिणेतलं हिरव्या गुळगुळीत सालीचं मोठं फळ असेल तर एकच पुरतं. बिनसाखरेचा कोको ३० ग्रॅम, म्हणजे पोह्याचे सहा सपाट चमचे. ८५ टक्क्यांचं काळं चॉकलेट ४० ग्रॅम, बारीक चिरून. नारळाचा पहिला दाट रस १०० मिली. पाणी जपून घाला, सोलकढीसाठी काढतो त्याहून दाट हवा. गोडीसाठी साखरेऐवजी एरिथ्रिटॉलची पूड ३५-४० ग्रॅम. मीठ चिमूटभर, इन्स्टंट कॉफी अर्धा छोटा चमचा, लिंबाचा रस अर्धा छोटा चमचा, व्हॅनिलाचे चार थेंब.

नारळाचा रस मंद आचेवर ठेवा आणि बोटाला चटका बसेल इतकाच तापवा. उकळी आली तर फाटेल, हे तुम्हाला सांगायला नको. गॅस बंद करून त्यात कोको, कॉफी, मीठ आणि एरिथ्रिटॉल घालून गुठळी मोडेपर्यंत घोटा. कोको कोरडाच फळात टाकला तर कच्चट लागतो. गरम रसात भिजला की त्याचा खरा वास सुटतो, तो स्वयंपाकघरभर येतो आणि तिथेच निम्मं काम झालेलं असतं. मग चिरलेलं चॉकलेट त्यात टाका, दोन मिनिटं झाकून ठेवा आणि हलवा. तुकतुकीत काळी पेस्ट होईल. ही पेस्ट पूर्ण निवू द्या. बोट घातलं तर गार लागू नये आणि गरमही लागू नये.

तोवर फळ कापा. सुरी बीला टेकेपर्यंत उभी घालून फळ गोल फिरवायचं, मग दोन्ही अर्ध्या भकलांना उलटसुलट पीळ द्यायचा, म्हणजे ती सुटतात. गर चमच्याने काढताना सालीलगतचा गडद हिरवा थर फार खरवडू नका. काही फळांत देठाकडून दोरे येतात. तसे दिसले तर गर सरळ पुरणयंत्रातून काढा. मी नेहमीच काढते. पुरणपोळीच्या दिवसाशिवाय ते यंत्र माळ्यावर पडून असतं, त्याला हे दुसरं काम लागलं. मग गर, लिंबाचा रस, व्हॅनिला आणि निवलेली पेस्ट मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात एकत्र फिरवा. मोठ्या भांड्यात एवढंसं मिश्रण कडेला चिकटून बसतं. थांबून, कडा खरवडून, पुन्हा फिरवा, असं तीन-चारदा. मिश्रणातून चमचा ओढल्यावर मागे चर राहिली आणि ती भरून आली नाही की झालं. वाट्यांत भरून तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. वर भाजलेल्या बदामाचे काप आणि दालचिनीची चिमूट. दालचिनी, तमालपत्र आणि बटरफ्रूट ही तिन्ही झाडं एकाच कुळातली आहेत. मला हे फार उशिरा कळलं, पण जिभेला आधीच माहीत असावं, इतकी ती चव जुळते.

अण्णांना चालेल का, या तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. वर दिलेल्या मापाने एका वाटीत, तंतू वजा जाता, सहा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं होतात. चॉकलेट वगळून नुसत्या कोकोवर केलंत तर चारच्या आतबाहेर. मधुमेह असलेल्या बहुतेकांना जेवणात एवढं सहज बसवता येतं. पण वाटी म्हणजे १०० ग्रॅमची वाटी. आमच्याकडे मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी आहे, तीच आम्ही माप म्हणून धरली आहे. आमटीच्या वाटीने मोजलंत तर हिशेब दीडपट होईल. कॅलरीही एका वाटीत दोनशेच्या घरात आहेत. कर्बोदकं कमी म्हणजे पदार्थ हलका असं नव्हे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. संध्याकाळी गोड खायचंय म्हणून अण्णांना दुपारची भाकरी सोडू देऊ नका. त्यांच्या दोन गोळ्या कुठल्या ते पत्रात लिहिलेलं नाही. ग्लिमेपिराइडच्या गटातली गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बसल्या जागी गोंधळतो. मूस जेवणानंतर द्यायचं, जेवणाऐवजी नाही. आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करून एकदा विचारा. अण्णांना पंचाहत्तरीच्या माझ्याकडून खूप शुभेच्छा.

प्रश्न : काकू, मी पुण्यात हॉस्टेलला राहते. पीसीओडीमुळे (अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा त्रास) डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली आहे. रूममेटच्या मिक्सरवर मूस केलं. फ्रिजमधला ॲव्होकाडो घेतला, चॉकलेट इंडक्शनवर वितळवून गरमगरम ओतलं. मूस कडू झालं, शिवाय दाताखाली कचकच येत होती. कुठे चुकलं? — कर्वेनगरची एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळा, तू सगळं इतकं नीट लिहिलं आहेस की उत्तर तुझ्या पत्रातच सापडतं. बटरफ्रूटला उष्णता सोसत नाही. गरम झालं की त्याच्यात कडवटपणा उतरतो आणि मग किती गोड घातलं तरी तो जात नाही. वितळलेलं चॉकलेट निवू द्यायचं ते एवढ्यासाठीच.

कचकचीची दोन कारणं असतात आणि तुझ्याकडे बहुधा दोन्ही जमून आली. फळ फ्रिजमधून काढलेलं, त्यावर वितळलेलं चॉकलेट पडलं की ते जागच्या जागी थिजतं, त्याचे बारीक कण होतात. फळ तासभर आधी बाहेर काढून ठेव. दुसरं कारण एरिथ्रिटॉल. ते खडीसाखरेसारखं कडक असतं, गार पदार्थात विरघळत नाही. आधी मिक्सरमध्ये त्याची अगदी पिठीसाखरेसारखी पूड कर, ती गरम नारळाच्या रसात नाहीतर दुधात विरघळव आणि मापापेक्षा जास्त घालू नकोस, नाहीतर फ्रिजमध्ये गेल्यावर त्याचे खडे पुन्हा तयार होतात. ते साखरेच्या सुमारे सत्तर टक्केच गोड असतं, त्यामुळे हात सैल सुटायचा मोह होतो. तो आवर.

हॉस्टेलवर नारळाचा रस कुठून काढणार? साधं म्हशीचं सायीसकट दूध घे, ८० मिली पुरे. आणि कोकोच्या डब्यावरची घटकांची यादी वाच. पहिलं नाव साखरेचं असेल तर ते ड्रिंकिंग चॉकलेट आहे, कोको नव्हे. दुकानात दोन्ही डबे एकाच फळीवर असतात आणि रंगही सारखे असतात. तुझं नाव लिहिलं नाहीस, पण पुढच्या वेळी जमलं का ते मात्र नक्की लिही.

प्रश्न : तुमच्याच अंकाच्या भरवशावर नाही, पण मोबाइलवर पाहून मी ‘साखरविरहित पौष्टिक’ ॲव्होकाडो पुडिंग केलं. त्यात दहा खजूर आणि दोन मोठे चमचे मध होता. मिस्टरांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि दोन तासांनी साखर २४० निघाली. ॲव्होकाडोमुळे वाढली का? दुकानातलं ‘शुगर फ्री’ चॉकलेट वापरलं तर? — एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : बिचाऱ्या फळावर आळ नको. दहा खजुरांचा बिया काढून ७०-७५ ग्रॅम गर धरला तर त्यातच ५५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आली. मधाच्या एका मोठ्या चमच्यात सतरा, म्हणजे दोन चमच्यांत चौतीस. एकूण नव्वदीच्या जवळ. चार वाट्या झाल्या असतील आणि मिस्टरांनी त्यातल्या दोन खाल्ल्या असतील, तर साखरेचे नऊ-दहा छोटे चमचे पोटात गेले असं समजा. खजुरात लोह असेल, तंतू असतील, मध शुद्ध असेल, गूळ सेंद्रिय असेल. रक्ताला त्यातलं काही कळत नाही, त्याला साखर कळते. हे मी इतक्या ठामपणे लिहिते कारण गुळाचा चहा ‘चालतो’ म्हणून दिवसातून चार वेळा पिणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांचे पायही पाहिले आहेत.

आता ‘शुगर फ्री’. यांच्यासाठी मीही एकदा मोठ्या दुकानातून तसं चॉकलेट आणलं होतं. चांगलं महागाचं, सोनेरी कागदात. यांनी अर्धी वडी संपवली. रात्री पोटात गुडगुड, सकाळपर्यंत झोप नाही आणि साखरही वर. मग मी वेष्टनाची मागची बाजू भिंग घेऊन वाचली. गोडीसाठी माल्टिटॉल होतं. ते साखर नाही, म्हणून ‘शुगर फ्री’ लिहायला मोकळीक. पण ते अंशतः पचतं, रक्तातली साखर वाढवतं आणि जास्त झालं की पोट बिघडवतं. एरिथ्रिटॉलचं तसं होत नाही, ते बहुतेक सगळं न वापरता लघवीवाटे निघून जातं.

म्हणून वेष्टनाच्या पुढच्या बाजूवर काय छापलंय ते सोडा. मागचा तक्ता पाहा. आपल्याकडच्या वेष्टनांवर कर्बोदकं, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे वेगवेगळे आकडे असतात. त्यातला कर्बोदकांचा आकडा आधी वाचायचा. परदेशी चॉकलेट घेत असाल तर आणखी एक खुबी लक्षात ठेवा : युरोपातल्या वेष्टनावर कर्बोदकांच्या आकड्यातून तंतू आधीच वगळलेले असतात. तिथे पुन्हा तंतू वजा केलेत तर हिशेब खोटाच कमी दिसेल. ८५ टक्क्यांच्या काळ्या चॉकलेटमध्ये थोडी साखर असतेच, पण ४० ग्रॅममध्ये ती किती हे आपल्याला ठाऊक असतं, चार वाट्यांत ती वाटली जाते, आणि पोटही शांत राहतं. मला तरी हेच जास्त प्रामाणिक वाटतं.

स्टीव्हियाबद्दल, म्हणजे एका झाडाच्या पानांतून काढलेल्या बिनसाखरेच्या गोडीबद्दल, तिघींनी विचारलं आहे, त्यांनाही इथेच सांगते. चालतं, पण त्याची चव मागाहून येते, ज्येष्ठमध चघळल्यावर येते तशी. कोकोबरोबर ती जरा लपते. निम्मी गोडी स्टीव्हियाची, निम्मी एरिथ्रिटॉलची ठेवलीत तर दोन्हींचे दोष कमी जाणवतात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३मध्ये सांगितलं आहे, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा बिनसाखरेच्या गोडीवर विसंबू नये; त्यात स्टीव्हियाही येतं. आधीच मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, असंही त्यात स्पष्ट आहे. माझी पद्धत साधी आहे. दर खेपेला गोडी पाव चमच्याने कमी करत गेले. पहिल्या वर्षी ४० ग्रॅम लागायचं, आता पंचवीसमध्ये आमचं भागतं, आणि बाहेरचं चॉकलेट यांना आता घशाशी बसतं इतकं गोड लागतं.

प्रश्न : आमच्या विट्याला ॲव्होकाडो मिळत नाही. मिळाला तर एका फळाला दीडशे रुपये. आम्ही काय करायचं? — एक वाचक, विटा

उत्तर : चक्का बांधायचा. खरं सांगायचं तर फळासाठी अडून बसू नका, कारण आपल्याकडे याहून जुना मार्ग आहे. सायीच्या दुधाचं दही रात्रभर टांगून ठेवलं की पाण्याबरोबर दुधातली साखरही बरीचशी निथळून जाते आणि घट्ट, मऊ गोळा उरतो. तो २५० ग्रॅम घ्या. तीन मोठे चमचे गरम दुधात २० ग्रॅम कोको, ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल आणि मीठ घोटून पूर्ण निववा, चक्क्यात मिसळा आणि श्रीखंडासारखं पुरणयंत्रातून काढा. चार वाट्या होतात, वाटीला चार-पाच ग्रॅम कर्बोदकं.

दही मात्र गोड हवं. कोको स्वतः आंबट-तुरट असतो, त्यात आंबट दही पडलं तर तोंड वाकडं होतं. सकाळी लावलेलं दही संध्याकाळी लागल्याबरोबर टांगा, रात्रभर फ्रिजमध्येच टांगलेलं ठेवा. उन्हाळ्यात ओट्यावर टांगलंत तर पहाटेपर्यंत आंबेल. पाडव्याला एकदा हे करून पाहा. बटरफ्रूटचं मूस मला प्रिय आहे, पण चक्क्याचं जास्त ओळखीचं लागतं, हे मान्य केलं पाहिजे.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात असतो. ॲव्होकाडो इथे बाराही महिने. आई तीन महिन्यांसाठी आली आहे. तिला मधुमेहाबरोबर किडनीचाही त्रास आहे, क्रिएटिनिन वाढलेलं असतं. तिच्यासाठी हे मूस करावं का? — एक मुलगा, सॅन होजे

उत्तर : दादा, तुम्ही हास जातीच्या माहेरीच राहता. रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या ला हाब्रा हाइट्समधल्या बागेत ते मूळ झाड होतं आणि १९३५मध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं. पण आईंना हे मूस त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मूत्रपिंडं नीट काम करत नसली की रक्तातलं पोटॅशियम साठत जातं आणि ते हृदयाच्या ठोक्यांपर्यंत पोचतं. १०० ग्रॅम बटरफ्रूटमध्ये सुमारे ४८५ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, केळ्यापेक्षाही जास्त. कोकोतही ते भरपूर असतं. वाटी लहान केली तरी हा प्रश्न सुटत नाही. त्यांचा आहारतज्ज्ञ सांगेल तेच खरं. तुमची तळमळ कळते, पण आईंना काय चालतं ते विचारून तेच मनापासून करा. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असणाऱ्या काही जणांना हे फळही सोसत नाही. घरात तसं कोणी असेल तर तेही ध्यानात ठेवा.

आता तीन छोटी उत्तरं.

नागपूरच्या ताई, तुमचं फळ आठ दिवस दगडासारखं राहिलं कारण तुम्ही ते आणल्याबरोबर फ्रिजमध्ये टाकलंत. बटरफ्रूट झाडावर पिकत नाही, उतरवल्यावर पिकतं. आंब्याची आढी घालतो तेच इथे. तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवा, शेजारी एक पिकलं केळं ठेवलंत तर आणखी लवकर. रोज संध्याकाळी देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून पाहायचं. जरा दबलं की तयार. मधल्या भागावर दाबत बसू नका, तिथे काळे डाग पडतात. पिकल्यावर मग फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं. कापून उरलेल्या भकलात बी ठेवल्याने ते काळं पडत नाही असं म्हणतात, पण बीच्या खालचा तेवढाच भाग वाचतो. लिंबू चोळा आणि वर फिल्म चिकटवा.

अलिबागच्या वाचक, एकादशीला चालेल का, हे तुमच्या घरच्या रीतीवर आहे. फळ म्हणून बटरफ्रूट चालायला हरकत नसावी, नारळ तर चालतोच. कोकोबद्दल आमच्याकडे सासूबाईंनी ‘ती पण बीच ना’ म्हणून परवानगी दिली होती. पण दिवसभर साबुदाणा आणि रताळी खाऊन रात्री हे कमी कर्बोदकांचं म्हणून खाल्लंत तर त्याचा उपयोग होणार नाही.

आणि मिरजेच्या छोट्या मैत्रिणी, तू विचारलं आहेस की उरलेलं मूस आणि फळाची साल मिठूला दिली तर चालेल का. अजिबात नको. या फळात पर्सिन नावाचं द्रव्य असतं, माणसांना ते बाधत नाही पण पक्ष्यांच्या जिवावर बेततं. चॉकलेटही पक्ष्यांना विषच. तुझ्या आईने फळ कापायला घेतलं की पिंजरा दुसऱ्या खोलीत ने, साल आणि बी लगेच कागदात गुंडाळून टाका, आणि मिठूला पेरूची फोड दे.